येवल्याचा कडीपाट

येवल्याचें नांव निघालें कीं पैठणी आठवते. ज्या छताखालीं ती विणली गेली, त्याकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाहीं. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लांकडी फळ्या, असा हा जुन्या घरांतील कडीपाट. त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून माळवद करीत. कोंकणच्या पावसांत ही माती टिकली नसती. या कमी पावसाच्या प्रदेशांत तीच उन्हाळ्याची झळ अडवी.

१८६५ मध्यें मंगळूर येथें बासेल मिशननें कौलांचा कारखाना काढला आणि १८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग येवल्यावरून गेला. पुढें कौलें व पत्रे गांवोगांव सुलभ झाले. दर पावसाळ्यापूर्वीं माळवद दुरुस्त करण्याची दगदग ज्यांस नकोशी झाली, त्यांनीं माती उतरवून पत्रे घातले. मातीच्या भारांतून सुटलेला कडीपाट मग केवळ शोभेचा ठरला. आणि शोभा जुनी झाली कीं तिजवर तैलरंग फांसणें, किंवा तिच्याखालीं प्लास्टर ऑफ पॅरिसचें कृत्रिम छत करणें ओघानेंच आलें.

सौंदर्यहानीचें दुःख आम्हांस आहेच. पण भय निराळें आहे. उघड्या फळीवरील ओलीचा डाग घरधन्यास लागलाच दिसतो. झांकलेल्या फळींत ओल मुरते, वाळवी तुळईपर्यंत पोंचते, आणि खालीं निजलेल्यांस त्याची वार्ताही नसते. म्हणून जुन्या घराचें छत शोभेसाठीं नव्हे, तर डोळ्यांसमोर राहावें यासाठीं उघडें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.