भाई कोतवाल कोणत्या रकान्यात बसतात?

नेरळच्या हुतात्मा चौकातून आपण रोज लोकल गाठायला पळतो. आज जरा थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतोय.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. खोपोली-भिवपुरीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या, त्यामुळे घाव नेमका होता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांनी दोघांना गोळ्या घातल्या. आपल्यासाठी ते हुतात्मे. तेव्हाच्या सरकारसाठी मात्र हा घातपातच.

नावं ठेवायची ही रीत जुनीच. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना १८७९ मध्ये इंग्रजांनी दरोडेखोर ठरवलं. १९३२ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांसाठी केलेल्या कायद्याच्या तर नावातच 'दहशतवादी' हा शब्द होता.

आजचे अभ्यासक दहशतवादाचे प्रकार पाडतात: धार्मिक, डावा, फुटीरतावादी, वसाहतविरोधी. अभ्यासाला ते सोयीचं आहे. पण हे रकाने कृत्य करणारा कोण, कशासाठी लढतो एवढंच सांगतात. मेलं कोण, ते सांगत नाहीत. आणि सरकारनेच जनतेवर दहशत बसवली, तर तो प्रकार बऱ्याच याद्यांत सापडतच नाही.

आपल्या यूएपीए कायद्यात २००४ पासून दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. लोकजीवनाला आवश्यक पुरवठा किंवा सेवा विस्कळीत करणंही तिच्यात येतं. सोबत देशाच्या सुरक्षेला धोका पोचवायचा किंवा दहशत पसरवायचा हेतू आणि स्फोटकांसारखी साधनं लागतात. मनोरे पाडणं म्हणजे वीजपुरवठाच तोडणं की! नुसते शब्द लावले तर भाई कुठे जाऊन बसतील?

मग सगळे सारखेच? मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसांवर. आपली लोकल जिथे संपते तिथेच. आझाद दस्त्याचं लक्ष्य होतं विजेचे मनोरे. हा फरक धर्माचा किंवा विचारसरणीचा नाही, निशाण्यावर कोण होतं याचा आहे.

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर कुणावर शिक्का बसला, की आधी विचारा: मारलं कुणाला, घाबरवलं कुणाला, आणि शिक्का मारणारा कोण? दुष्टाला सोडायला नव्हे, निरपराध अडकू नये म्हणून.

२ जानेवारीला सिद्धगडावर जाल, तेव्हा फुलांसोबत हा प्रश्नही न्या. तुम्हाला काय वाटतं, खाली जरूर लिहा.