ऊर्जासंग्राहक मंडलातील दाबनियंत्रित स्विच

ऊर्जासंग्राहक मंडलातील दाबनियंत्रित स्विच : प्रकाश, कंपने, उष्णता यांपासून मिळणाऱ्या अल्प ऊर्जेवर चालणारे साधन, धारित्रावरील विद्युत् दाब ठराविक मूल्यास पोहोचताच जोडणारे व तो दुसऱ्या, कमी मूल्यास उतरताच तोडणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. दोन सीमा आवश्यक असतात. एकच सीमा ठेवल्यास साधन जोडताच दाब घसरतो व स्विच लगेच तुटतो.

अशा उद्‌गमाकडून पुष्कळदा काही मायक्रोवॉटच शक्ती मिळते. रेडिओ प्रेषकास मात्र काही मिलिवॉट लागतात. १०० मायक्रोफॅराडचे धारित्र ३ व्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंत भारित होताना ०·८ मिलिजूल ऊर्जा साठते. २० मायक्रोवॉटच्या उद्‌गमास त्यासाठी ४० सेकंद लागतात आणि तेवढ्यावर २० मिलिवॉटचे साधन ४० मिलिसेकंद चालते. स्विचच २० मायक्रोवॉट घेऊ लागला, तर धारित्र कधीच भरणार नाही. या विषयाच्या इतिहासात हीच अडचण मध्यवर्ती आहे.

दोन सीमांचे तत्त्व जुने आहे. ओटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विद्यार्थिदशेत, १९३४ मध्ये, माखलीच्या तंत्रिकांतील संवेदनांच्या अभ्यासातून असे मंडल बनविले व १९३८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ते ‘श्मिट ट्रिगर’ या नावाने ओळखले जाते. परंतु त्यातील निर्वात नलिकांचे तंतू तापविण्यासच कित्येक पटींनी अधिक शक्ती लागे.

१९६३ मध्ये फ्रँक वॉनलास यांनी धातू-ऑक्साइड-अर्धसंवाहक ट्रँझिस्टरांच्या पूरक जोडीचे मंडल मांडले. स्थिर अवस्थेत जोडीतील एक ट्रँझिस्टर बंद राहत असल्याने शक्तिव्यय अत्यल्प होतो. मात्र धारित्रावरील दाब सावकाश चढतो, तेव्हा मधल्या टप्प्यात दोन्ही ट्रँझिस्टर एकाच वेळी संवाहक होऊन साठलेली ऊर्जा वाया जाते. म्हणून या टप्प्यातील प्रवाह मर्यादित ठेवणे हे अभिकल्पाचे मुख्य काम ठरले.

या तत्त्वाचे एक परिचित उदाहरण मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जे. ए. पॅराडिसो व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. बुटातील दाबविद्युत् पदार्थ चालताना धारित्र भारित करी. दाब सु. १२ व्होल्टच्या वर गेल्यावर स्विच जोडला जाई, रेडिओ प्रेषक १२ अंकी द्विमान संकेत पाठवी व दाब सु. ५ व्होल्टच्या खाली आल्यावर मंडल तुटे.

पुढे ही सर्व कार्ये एकाच चकतीवर करणारी संकलित मंडले बाजारात आली. त्यांपैकी काहींना स्वतःसाठी १ मायक्रोअँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. तथापि धारित्र पूर्ण रिकामे असताना प्रारंभ करणे कठीणच असते. कारण अल्प दाबाखाली स्विचमधील ट्रँझिस्टरच पुरेसे संवाहक होत नाहीत.