चाकं लावलेला पादचारी

‘व्ही ०३.११ एक्स ए.’ पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी इस्पितळांच्या फायली कोड करणाऱ्या कुणालाही विचारा, तो घडाघडा उलगडून सांगेल. व्ही म्हणजे वाहतुकीतला अपघात, ०३ म्हणजे पादचाऱ्याला मोटारीची धडक, पहिला १ सार्वजनिक रस्त्याचा, दुसरा १ पायातल्या रोलर स्केटचा. एक्स नुसता जागा भरायला. ए म्हणजे जखमेवर मूळ उपचार अजून चालू आहेत.

मी अडखळलो तो ‘पादचारी’वर. पायांना आठ चाकं बांधलेला माणूस पादचारी कसा?

स्केटचा पहिला गाजलेला अपघात मोटारीच्या पुष्कळ आधीचा. अठराव्या शतकात लंडनच्या एका मेजवानीत जॉन जोसेफ मर्लिन हा कारागीर व्हायोलिन वाजवत चाकांवरून आला. थांबता येईना, तसा पाचशे पौंडांच्या आरशावर जाऊन आदळला. किस्सा छापला गेला १८२५ मध्ये, मर्लिन जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरावा. सहज वळणारे चारचाकी स्केट १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं काढले.

हे कोड आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले, त्यांचं घराणं वेगळं. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँनं १८९३ मध्ये शिकागोत मांडलेली यादी फक्त मृत्यूंच्या कारणांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आल्यावर, तिच्यात आजार आणि दुखापतीही आल्या. दुखापतीला दोन बाजूंनी कोड मिळाले: काय मोडलं आणि कशानं मोडलं.

माझ्या शंकेचं उत्तर नवव्या आवृत्तीतल्या व्याख्येत सापडलं. मोटार, आगगाडी, सायकल, जनावर यांपैकी कशावरही स्वार नसलेला तो पादचारी. मग तो बाबागाडीत असो, चाकाच्या खुर्चीत असो, घसरगाडीवर असो की टायर बदलत असो. स्केटही त्याच ओळीत. मला ही व्याख्या शहाणपणाची वाटते, कारण मोटारीपुढे हे सगळे सारखेच उघडे.

मात्र तेव्हाच्या कोडात स्केट दिसत नसे. पादचारी जखमी, एवढंच. दहाव्या आवृत्तीची अमेरिकी शाखा १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली आणि तो जादाचा आकडा आला. बदकाचा फटका, पेटलेली वॉटर स्की अशा कोडांवर लोक तेव्हा खूप हसले. गंमत अशी, की नुसते पडलात तर चाकं एका रांगेत होती का, हे कोड विचारतो. मोटारीनं उडवलं तर विचारत नाही.

आणि तो आकडा डॉक्टरच्या एका शब्दावर टांगलेला. इमर्जन्सीत घाईघाईनं ‘ऑटो व्हर्सेस पेड’, म्हणजे मोटार विरुद्ध पादचारी, एवढंच लिहिलं, तर स्केट गेले. स्केटवरचा माणूस पायी चाललेला ठरतो, व्ही ०३.१० एक्स ए. स्केट नोंदले, पण धडक पार्किंगच्या आवारात झाली असेल तर ती रस्त्यावरची धरत नाहीत, मग व्ही ०३.०१. बिलाचा आकडा यानं सहसा हलत नाही, म्हणून विचारायला कुणी परत फोनही करत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये विजेवरच्या उभ्या स्कूटरलाही याच रांगेत कोड मिळाले. तिला मोटार आहे, तरी तिच्यावर उभा असलेला माणूस पादचारीच.