जाड तारेची पातळ शेजारीण

विलेपार्ल्यात वाढलेले लक्ष्मीकांत कुडाळकर सिनेसंगीतात आले ते मेंडोलिन वाजवत. मेंडोलिनच्या आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. अंधेरीच्या स्टुडिओत बारा तारांची गिटार आली की प्रकरण निराळं. तिच्या उंच सुरांच्या दोन जोड्या मेंडोलिनसारख्याच. बाकी चारांत मात्र जाड तारेशेजारी सप्तकभर वर लावलेली पातळ तार. जाड तार सेकंदाला 110 वेळा थरथरत असेल, तर शेजारीण 220.

ही शेजारीण अडचणीपोटी आली. जुन्या युरोपात तारा आतड्याच्या असत. खर्जासाठी आतडं जाड घ्यावं तर ते ताठर होई, मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर, म्हणजे उपस्वर, मरत आणि आवाज बद्द येई. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ल्यूट या तंतुवाद्याच्या वादकांनी शेजारी पातळ तार चढवून गेलेली धार परत आणली. पातळ तारेचे सगळे उपस्वर जाड तारेच्या उपस्वरांत मुळातच बसतात. म्हणून दोन तारा एकच उजळ सूर होऊन ऐकू येतात.

1664च्या सुमारास आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली. जाड तार एकटीच बोलू लागली, तेव्हा शेजारणीने खरं तर निवृत्त व्हायचं! पण तोवर कानांना तिची चटक लागलेली. फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराच्या साथीला असणाऱ्या पोर्तुगीज गिटारीच्या खालच्या तीन जोड्यांत ती टिकली, आणि गोव्यातल्या फादोच्या मैफलींत आजही भेटते. अमेरिकेत लेडबेली या गायकाने तर बारा तारांवरच नाव कमावलं. तो तारा नेहमीच्या सुराहून बऱ्याच खाली उतरवून लावी. ताण कमी, घुमारा जास्त.

आपल्या तंबोऱ्यातही हे सप्तकाचं अंतर आहेच. जोडीच्या तारा पोलादी, त्यांच्याखाली सप्तकभर पितळी खर्ज. पण त्या एकामागून एक छेडतात आणि खर्जाला धार देण्याचं काम जवारी करते. रुंद घोडीला तार हलकेच टेकत राहते आणि उपस्वर फुलतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. मिरजेचे तंबोरे करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांचे वंशज आजही घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून खर्जाचा बद्दपणा घालवतात. वेगळी तार चढवावी लागत नाही.