सुरी, बीज आणि माती : कर्करोग उपचारानंतर का पसरतो?

‘गाठीला सुरी लागली की कर्करोग पसरतो’ ही समजूत आपल्या देशाच्या अनेक भागांत आजही ऐकू येते. तिच्यापायी कित्येक रुग्ण बायोप्सी टाळतात, शस्त्रक्रिया लांबवतात आणि रोग आवाक्याबाहेर गेल्यावर रुग्णालय गाठतात. या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. गाठ समूळ काढल्यावरही काही वर्षांनी तोच रोग यकृतात, फुप्फुसात किंवा हाडांत का उगवतो? कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यूंना मूळ गाठ नव्हे, तर हा दूरवरचा प्रसार, म्हणजेच मेटास्टॅसिस कारणीभूत असतो.

१८६९ मध्ये मेलबर्न येथील थॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्याच पेशी दिसल्या. रोग रक्तावाटे प्रवास करतो, याचा हा आरंभीचा पुरावा होता. मात्र रक्त तर सर्वत्र जाते. मग रोग ठराविक अवयवांतच का रुजतो? लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग पोहोचल्याची उदाहरणे २४१ होती, प्लीहेत अवघी १७. यावरून त्यांनी मांडले की कर्कपेशी हे बीज आहे. ते चहूकडे उधळले जाते, पण अनुकूल मातीतच अंकुरते.

अमेरिकेतील जेम्स युइंग यांनी १९२८ मध्ये या मताला छेद दिला. रक्तप्रवाह पेशींना जेथे नेईल आणि ज्या सूक्ष्म केशवाहिन्यांत त्या अडकतील, तेथेच नवी गाठ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन पटते. पुढील संशोधनाने मात्र दोघांनाही अंशतः खरे ठरवले : पेशी कोठे पोहोचतील यावर प्रवाहाचा प्रभाव असतो, पण त्या तेथे जगतील की नाही हे माती ठरवते.

शल्यचिकित्सेची वाट तोवर वेगळीच होती. बाल्टिमोरचे विल्यम हॉलस्टेड यांच्या मते रोग मूळ गाठीपासून क्रमाक्रमाने बाहेर सरकत जातो. म्हणून जितके अधिक कापावे तितके रुग्णाच्या हिताचे. त्यांच्या पद्धतीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथीही काढल्या जात. असंख्य स्त्रियांनी हे व्यंग सोसले. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये या पद्धतीची तुलना सौम्य शस्त्रक्रियांशी करणारी चाचणी सुरू केली. रुग्णांची विभागणी यादृच्छिक होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या निष्कर्षांत आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की ज्या स्त्रियांत रोग पुढे दूरवर उगवला, त्यांच्यापैकी अनेकींच्या शरीरात बीज शस्त्रक्रियेपूर्वीच विखुरलेले होते. सुरीने ते पेरले नव्हते आणि अधिक खोल सुरीने ते वेचलेही जाणार नव्हते.

मग सुरी सर्वस्वी निर्दोष आहे काय? याच फिशर यांनी १९५९ मध्ये आपले बंधू एडविन यांच्यासह एक प्रयोग केला होता. उंदरांच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत त्यांनी अवघ्या ५० कर्कपेशी सोडल्या. त्या सुप्त राहिल्या. पण ज्या उंदरांची पोटे वारंवार उघडून यकृत हाताळले गेले, त्यांच्यात गाठी वाढल्या. निजलेल्या पेशींना जखम जागवू शकते, अशी शंका येथे बळावली.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या या नाजूक वेळेकडेच लक्ष दिले. भारतातील ११ केंद्रांतील सुमारे १,६०० स्त्रियांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन या भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले. उरलेल्यांना दिले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ९०.१ टक्के, तर दुसऱ्यातील ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. दूरच्या अवयवांत रोग उगवण्याचे प्रमाण ११.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. हे औषध पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग रोखते आणि त्यामुळे कर्कपेशींची हालचाल मंदावत असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. अन्य देशांतही असेच निष्कर्ष मिळणे अगत्याचे आहे. पण हे औषध जुने, स्वस्त आणि लहानशा रुग्णालयातही सहज मिळणारे आहे, ही बाब आपल्यासारख्या देशात लहान नव्हे.

दोन्ही गटांतील स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही गटांतील बहुसंख्य स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, हे येथे विसरता कामा नये. शस्त्रक्रियेची वेळ अधिक सुरक्षित कशी करावी, हा संशोधनाचा विषय आहे. ती टाळण्याचे ते कारण नाही. गाठ जागेवर राहिली तर ती रोज नवे बीज रक्तात सोडत राहते. घरात वा शेजारी कोणी ‘सुरी नको’ म्हणून थांबले असेल, तर हा इतिहास त्यांना जरूर सांगा.