शस्त्र खाली ठेवल्यानंतर

पेडगाव म्हटले की मराठी माणसाला भीमेकाठचा बहादुरगड आठवतो. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज आणि कवी कलश यांना तिथेच विदूषकाचा वेश चढवून औरंगजेबाच्या छावणीत फिरवण्यात आले. हात बांधलेल्या शत्रूची ती विटंबना मराठी मनाने तीन शतके विसरलेली नाही आणि ते योग्यच आहे. परभणी जिल्ह्यातले पेडगाव मात्र वेगळे. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि या मुलखाच्या पदरात कैद्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे. कैद्याला कसे वागवावे याची जी कसोटी आपण औरंगजेबाला लावतो, तीच मराठवाड्याच्या मुक्तीनंतरच्या दिवसांना लावायची की तेवढ्यापुरते वेड पांघरून पेडगावला जायचे? माझ्या मते कसोटी एकच हवी. शरण आलेल्याचा जीव ही विजेत्याची जबाबदारी असते, मग पकडलेला माणूस कितीही नावडता असो.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 18 तारखेला निजामाचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, गोवळकोंडा लान्सर्सच्या तुकडीने नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. अधिकृत आकड्यांनुसार संस्थानी फौजेचे 1,647 सैनिक आणि निजामाच्या बाजूने लढणाऱ्या मुस्लिम स्वयंसेवक दलाचे 1,911 रझाकार पकडले गेले. गणवेशातल्या सैनिकांच्या बाबतीत युद्धाचा रिवाज बऱ्याच अंशी पाळला गेला. वरच्या पायरीवरच्या पराभूतांना तर सौम्य वागणूक मिळाली. खुद्द निजाम उस्मान अली खान 1950 मध्ये राजप्रमुख झाले. संस्थानाचे पंतप्रधान लायक अली नजरकैदेत होते, तिथून ते पाकिस्तानात निसटले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच्यावर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली आणि 1957 मध्ये सुटून तोही पाकिस्तानात गेला. ज्याच्या चिथावणीने गावेच्या गावे जळाली, त्याला वकील मिळाला, न्यायाधीश मिळाला. नव्या राज्यकर्त्यांना हे भूषणावहच होते.

खालच्या पायरीवरचे चित्र निराळे आहे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने 1948 च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालात कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन आहेत. काही ठिकाणी प्रेतांनी भरलेल्या विहिरी पथकाने स्वतः पाहिल्या. मुस्लिम पुरुषांना गावाबाहेर काढून ठार मारण्यात काही जागी सैनिकांचा हात होता, असेही त्यात नोंदलेले आहे. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या हकीकतीही त्याच अहवालात आहेत. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता आणि कित्येक दशके तो लोकांसमोर आलाच नाही. आकड्यावर वाद घालता येईल, पण इतक्या जागी इतक्या सारख्या घटना घडल्या हे नाकारता येत नाही. रझाकार असल्याचा नुसता संशय गावकुसात मृत्युदंड ठरत होता, आणि रझवीला मिळालेली चौकशी त्याच्या हाताखालच्या सामान्य माणसाच्या वाट्याला आली नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की रझाकारांनी कोणाला दयामाया दाखवली होती? खरेच आहे. ऑगस्ट 1948 मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून हैदराबादेत त्यांचा खून झाला, त्यांचा हातही तोडण्यात आला. पण हा आक्षेप स्वतःच्याच पायावर धोंडा पाडतो. शोएबुल्ला मुसलमान होते. म्हणजे माणूस कोणत्या धर्माचा यावरून तो कोणत्या बाजूचा हे ठरत नव्हते. दोषी कोण हे ठरवायला चौकशी लागते, आणि विहिरीपाशी चौकशी होत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा आहे: ही ‘पोलीस कारवाई’ होती, दोन देशांचे युद्ध नव्हते, मग युद्धकैद्यांचे नियम कुठून लागणार? पण देशांतर्गत कारवाई म्हटली की पकडलेला माणूस आपल्याच राज्याचा नागरिक ठरतो, आणि त्याला न्यायालयासमोर उभे करण्याचे बंधन उलट वाढते. वर्षभरातच, ऑगस्ट 1949 मध्ये, जिनिव्हा कराराच्या तिसऱ्या कलमाने हेच लेखी केले: अंतर्गत संघर्षातही शस्त्र ठेवलेल्याला माणुसकीने वागवावे आणि न्यायालयाच्या निवाड्याशिवाय देहदंड देऊ नये. तिसरा आक्षेप भावनेचा आहे. हे सारे उकरून काढल्याने मुक्तिसंग्रामाला उणेपणा येतो, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी निजामाच्या तुरुंगात गेले ते मनमानी राज्य जाऊन कायद्याचे राज्य यावे म्हणून. त्या राज्याच्या पहिल्याच आठवड्यांत कायदा कुठे अपुरा पडला हे सांगणे म्हणजे त्यांच्याच मागणीचा हिशेब मांडणे होय.

मराठवाड्याच्या शाळांत 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते आणि रझाकारांचे अत्याचार सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत. त्याच भाषणात सुंदरलाल अहवालाचाही उल्लेख व्हावा आणि शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्यांचाही. 1689 चा अन्याय पाठ असलेल्या समाजाला 1948 चा अन्याय ऐकून घेणे जड जाऊ नये.