परवाना, माफी आणि जबाबदारी : कराचीहून परतलेल्यांचा प्रश्न आणि मुंबई राज्य

बेकायदा स्थलांतर करून आलेल्यांना माफी द्यावी की त्यांच्यावर जबाबदारी निश्चित करावी, या चर्चेची सुरुवात सर्वसाधारणपणे आसामपासून केली जाते. इतिहासाच्या वर्गातही १९८५ चा आसाम करार हाच आरंभबिंदू मानला जातो. परंतु स्वतंत्र भारतात हा वाद पहिल्यांदा झाला तो राज्यघटना अद्याप पूर्ण व्हावयाची असताना, आणि तो परक्यांविषयी नव्हता. घर सोडून गेलेल्या व पुन्हा घरी परतू पाहणाऱ्या माणसांविषयी होता. हुबळी-धारवाडच्या दृष्टीने हा वाद दूरचा नव्हता. कारण धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्याचा भाग होता, आणि कराचीचा समुद्रमार्ग मुंबईहूनच निघत असे.

धारवाड मुंबई राज्यात होता हे सर्वांना ठाऊक असते. पण सिंधही १ एप्रिल १९३६ पर्यंत त्याच मुंबई इलाख्यात होता, याचा सहज विसर पडतो. म्हणजे फाळणीपूर्वी अवघी अकरा वर्षे आधीपर्यंत धारवाड आणि कराची हे एकाच गव्हर्नरच्या अमलाखालील प्रदेश होते. हुबळीचा व्यापारी किंवा कारागीर पुण्यामार्गे मुंबई गाठून बोटीने कराचीस गेला, तर तो परदेशी जात नव्हता. प्रांतातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी जात होता. अशा माणसाला १९४८ साली एकाएकी 'स्थलांतरित' ही संज्ञा लागू झाली. १९४७ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांना, त्यांत रेल्वेचे नोकरही आले, भारत की पाकिस्तान असा पर्याय लिहून द्यावा लागला होता. तात्पुरता पर्याय देणाऱ्यास तो बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. हुबळी हे रेल्वेचे गाव. नोकरदाराला पर्याय बदलण्याची सोय होती. स्वतःच्या खर्चाने गेलेल्या शिंप्याला किंवा दुकानदाराला तशी कोणतीच सोय नव्हती, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे.

दरवाजा बंद होतो

१९ जुलै १९४८ रोजी वटहुकुमाद्वारे पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यावर परवान्याचे बंधन आले. पुढे १९४९ मध्ये त्याचे 'इन्फ्लक्स फ्रॉम पाकिस्तान (कंट्रोल) ॲक्ट' या कायद्यात रूपांतर झाले. परवाने प्रामुख्याने दोन स्वरूपांचे होते : तात्पुरत्या भेटीचा, आणि कायम वास्तव्यासाठी परत येण्याचा. ते पाकिस्तानातील भारतीय उच्चायुक्तांच्या कार्यालयातून मिळत. बंधन घालण्याची कारणे उघड होती. पंजाब व सिंधमधून आलेल्या लक्षावधी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी निष्क्रांतांची घरेदारे सरकारने ताब्यात घेतली होती. मूळ मालक परतला तर त्याच्या घरात बसविलेल्या निर्वासिताला कोठे पाठवावयाचे, हा प्रश्न होता. तो दोन्ही बाजूंनी खराच होता, आणि परत येणाऱ्यांविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्यांनी तो नजरेआड करू नये.

१० ते १२ ऑगस्ट १९४९ या तीन दिवसांत संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी ही कलमे मांडताना मसुदा समितीला अन्य कोणत्याही कलमाने इतकी डोकेदुखी दिली नसल्याचे सांगितले. वादाचे मूळ आज कलम ७ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत होते. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही, असे हे कलम म्हणते. आणि लगेच त्याला एक परंतुक जोडते, की कायम वास्तव्याच्या परवान्यावर जो परतला त्याला हे लागू होणार नाही. हे परंतुक म्हणजे स्वतंत्र भारताची पहिली माफी होय. जसपत राय कपूर यांनी याच तरतुदीवर घृणास्पद म्हणून प्रखर टीका केली. जो एकदा निष्ठा बदलून गेला त्याला परत का घ्यावे, आणि त्याच्या मालमत्तेच्या परताव्याचा बोजा निर्वासितांनी का सोसावा, असा या पक्षाचा रोख होता.

या चर्चेत मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे नाव म्हणजे विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख. शेतकऱ्यांचे नेते आणि शिक्षणप्रसारक म्हणून त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. नागरिकत्वाच्या प्रश्नावर मात्र त्यांची भूमिका कठोर होती. प्रस्तुत मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी सुचविलेल्या दुरुस्तीनुसार, अन्य कोणत्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू किंवा शीख, तो कोठेही राहत असो, भारतीय नागरिकत्वास पात्र ठरला असता. एका धर्माच्या माणसासाठी दार सताड उघडे आणि दुसऱ्यासाठी परवान्याची फटही नको, ही विसंगती त्यांना विसंगती वाटली नाही. हिंदू आणि शीख यांना जाण्यासाठी दुसरा देश नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. सभेने दुरुस्ती स्वीकारली नाही. पंडित नेहरूंनी उत्तर देताना नियम सर्व धर्मीयांना सारखेच लागू होतील, अमुक एका समाजासाठी वेगळा नियम करता येणार नाही, यावर भर दिला.

गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडलेला मुद्दा मात्र निष्ठेचा किंवा धर्माचा नव्हता. या लोकांना भारत सरकारच्याच अधिकाऱ्यांनी 'कायम वास्तव्यासाठी या' असा परवाना दिला आहे. तो दिल्यावर त्यांना नागरिकत्व नाकारणे म्हणजे सरकारने स्वतःचा शब्द मोडणे होय, असा त्याचा आशय होता. येथे इस्लामी कायद्यातील 'अमान' या संकल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मक्केच्या विजयाच्या वेळी (हिजरी ८, इ. स. ६३०) हजरत उम्मे हानी यांनी आश्रय दिलेल्यास हजरत अली शासन करू पाहत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उम्मे हानी यांनी दिलेले अभय सर्वांवर बंधनकारक मानले. पुढे फिकहशास्त्रात हा नियम विस्ताराने मांडला गेला. समाजातील एका सामान्य व्यक्तीने दिलेले अभयही संपूर्ण समाजाचे अभय ठरते. ते देणाऱ्याने विचार केला की नाही, हा प्रश्न घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. अय्यंगार यांना हा दाखला माहीत असण्याचे कारण नाही, पण तर्क तोच आहे.

माफी किती मोठी होती?

विरोधकांच्या भाषणांवरून वाटावे की फार मोठा दरवाजा उघडला गेला. प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. परवान्यावर परतलेल्याला कलम ६ नुसार नोंदणी करावी लागे. नोंदणीचा अर्ज घटना अमलात येण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आत करावयाचा, आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने भारतात वास्तव्य असावयास हवे. याचा सरळ अर्थ असा, की जुलै १९४९ च्या अखेरीनंतर जो परतला, त्याच्या हाती कायम वास्तव्याचा परवाना असूनही घटनेतील वाट त्याला बंद होती. संविधान सभेत ऑगस्टमध्ये वाद चालू असताना माफीची मुदत व्यवहारतः संपलेली होती! १९५५ चा नागरिकत्व कायदा येईपर्यंत अशा व्यक्तीची स्थिती अधांतरी राहिली. या प्रश्नावरील बऱ्याच लेखनात हा हिशेब केलेला आढळत नाही, आणि त्यामुळे ही तरतूद 'उदार' होती की 'अनुनयाची' होती, एवढ्यापुरतीच चर्चा फिरत राहते.

परवान्याचा शब्द तरी शेवटपर्यंत टिकला काय? १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंग या खटल्यात एका जमीनदार घराण्यातील स्त्रीचा प्रश्न होता. ती जुलै १९४८ मध्ये कराचीस गेली, तात्पुरत्या परवान्यावर येऊन परत गेली, आणि नंतर तिला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. तो पुढे रद्द करण्यात आला. कारण बिहार सरकारची संमती न घेता तो चुकीने दिला गेला होता. चूक कार्यालयाची, पण परिणाम तिला भोगावा लागला. पती भारतातच असल्याने तिचे अधिवासही भारतच, हा युक्तिवादही न्यायालयाने कलम ७ पुढे मान्य केला नाही. अमानचा नियम लावला असता तर निर्णय उलट झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र मुंबई राज्यातून गेलेल्या एका प्रकरणाने वेगळी दिशा दाखविली. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निवाड्यात १९४९ च्या कायद्याच्या कलम ७ ची तपासणी झाली. या कलमाने, परवान्याच्या नियमाचा भंग केल्याचा नुसता वाजवी संशय असलेल्या व्यक्तीलाही देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. बहुमताने न्यायालयाने सांगितले की नागरिकाने परवान्याविना प्रवेश केला तर त्याला शिक्षा करता येईल. परंतु केवळ संशयावरून, बाजू मांडण्याची संधी न देता, त्याला त्याच्या देशातून हाकलता येणार नाही. माफी आणि हकालपट्टी या दोन टोकांमध्ये 'गुन्ह्याइतकीच शिक्षा' अशी तिसरी जागा आहे, हे या निवाड्याने दाखवून दिले. तेव्हा धारवाडचे न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते, आणि प्रस्तुत कायद्याची अंमलबजावणी करणारे सरकारही तेच होते.

पासपोर्टचा पेच

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परवाने जाऊन पासपोर्ट आले. कराचीत अडकलेल्याला हुबळीतील आईला भेटावयाचे तर पाकिस्तानचा पासपोर्ट घेण्यावाचून व्यवहारात दुसरा मार्ग उरला नाही. असे लोक व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले. १९५७ पर्यंत विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यात 'विदेशी' या शब्दाची व्याख्याच अशी होती की त्यांत पाकिस्तानी पासपोर्टधारक बसत नव्हता; व्याख्या बदलली ती १९ जानेवारी १९५७ पासून. त्यापूर्वी आलेल्याला विदेशी म्हणून शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फिदा हुसेन प्रकरणात स्पष्ट केले.

मूळ अडचण १९५६ च्या नागरिकत्व नियमांत होती. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला हाच त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने पत्करल्याचा निर्णायक पुरावा मानावा, असा नियम करण्यात आला. 'स्वेच्छेने' आणि 'निर्णायक' हे दोन शब्द एकत्र आले की इच्छेची चौकशीच संपते. १९६२ मध्ये इझहार अहमद खान प्रकरणात बहुमताने हा नियम वैध ठरविला गेला. निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर १९१८ ते १९२० या काळात धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. आश्चर्य असे की त्याच वर्षी सय्यद मोहम्मद खान प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले, की केंद्र सरकारने चौकशी करून निर्णय दिल्याशिवाय राज्य सरकार अशा व्यक्तीला हद्दपार करू शकत नाही. १९६५ मध्ये मोहम्मद अयूब खान प्रकरणात, पासपोर्ट दबावाखाली घेतला असे सांगणाऱ्याला तसे सिद्ध करण्याची संधी दिली पाहिजे, हे मान्य झाले. म्हणजे नियम कायम राहिला, पण त्याची धार बोथट झाली. तोपर्यंत धारवाड म्हैसूर राज्यात गेलेला होता. मुंबईत सुरू झालेल्या प्रश्नांची उत्तरे आता बंगळूरकडून यावयाची होती.

'स्थलांतर' या शब्दाचा अर्थही घटनेत दिलेला नव्हता. तो १९६० मध्ये शन्नो देवी प्रकरणात एक, तर १९६६ मध्ये कुलाथिल मम्मू प्रकरणात दुसरा लावला गेला. आधीच्या अर्थाप्रमाणे कायमचे राहण्याचा हेतू आवश्यक होता; नंतरच्या अर्थाप्रमाणे विशिष्ट आणि अल्पकालीन कामाव्यतिरिक्त स्वेच्छेने केलेले गमन पुरेसे ठरले. कराचीत दीड-दोन वर्षे काढलेल्याच्या दृष्टीने हा फरक केवळ शाब्दिक नव्हता.

नंतरच्या माफ्या

आसाम करारानंतर नागरिकत्व कायद्यात आलेले कलम ६अ हे माफी आणि जबाबदारी यांची सांगड घालण्याचा सर्वांत तपशीलवार प्रयत्न आहे. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेल्यांना नागरिकत्व. तेव्हापासून २५ मार्च १९७१ पूर्वीपर्यंत आलेल्यांना नोंदणीनंतर दहा वर्षे मताधिकाराविना वास्तव्य. त्यानंतर आलेल्यांना माफी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कलम चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरविले. अमेरिकेने १९८६ मध्ये सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला, तेव्हा त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवरही प्रथमच दंडाची जबाबदारी टाकली. भारतातील चर्चेत ठेकेदार आणि मालक हा घटक जवळजवळ अनुपस्थित असतो.

'बेकायदा स्थलांतरित' ही संज्ञा नागरिकत्व कायद्यात आली ती २००३ च्या दुरुस्तीने. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असेल, तर जन्माने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे येथे जबाबदारी अपत्याकडे गेली. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना या संज्ञेतून वगळले. पंजाबराव देशमुखांची १९४९ मध्ये नाकारली गेलेली दुरुस्ती आणि ही तरतूद शेजारी ठेवून वाचल्यास साम्य आणि भेद दोन्ही लक्षात येतात. १ सप्टेंबर २०२५ पासून विदेशी व्यक्तींविषयीचा नवा कायदा लागू झाला, आणि त्याखालील सूट-आदेशाने याच समाजांतील ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांच्या अभावी होणाऱ्या कारवाईतून मोकळीक दिली. ही मोकळीक नागरिकत्व नव्हे.

हुबळीपासून जवळच, उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. तेथे जन्मलेल्यांपैकी ज्यांचा जन्म २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या दरम्यान झाला ते जन्माने भारतीय नागरिक आहेत, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्यांचे आईवडील कोणत्या कागदावर आले, हा प्रश्न त्या निर्णयात निर्णायक ठरला नाही. त्या काळच्या कायद्यात तो विचारण्याची तरतूदच नव्हती.